जुने छापील लेख वेबसाइटवर कसे आणायचे: कोकणातल्या लिहित्या माणसांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात स्थानिक साप्ताहिकांत, दिवाळी अंकांत, देवस्थानांच्या नि शाळांच्या स्मरणिकांत वर्षानुवर्षं लिहिणारी माणसं पुष्कळ आहेत. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले देवगड तालुक्यातलंच, तेव्हा हा नाद जुना आहे. पण यातलं बरंचसं लेखन वेबवर शोधून मिळत नाही. ते माळ्यावर आहे, कपाटात आहे, पत्र्याच्या ट्रंकेत आहे. आणि पुण्यातला कुणी ‘आगळ म्हणजे काय’ असं गूगलला विचारतो तेव्हा त्याच्या पुढ्यात बरेचदा येतात ते एकमेकांवरून उतरवून काढलेले चार परिच्छेद.

जुना लेख टाइप करून साइटवर चिकटवला की काम झालं, असं मात्र नाही. छापील अंकाच्या वाचकाने अंक विकत घेतलेला असतो, लेखकाचं नाव त्याच्या ओळखीचं असतं, तो पहिल्या ओळीपासून तुमच्यासोबत चालतो. शोधातून येणारा वाचक हा ओटीवर टेकून, पाणी पिऊन मग आत येणारा पाहुणा नव्हे. तो मागील दाराने थेट स्वयंपाकघरात शिरतो आणि हवं ते विचारतो. त्यामुळे लेखाची मांडणी बदलावी लागते. मात्र गावाचं नाव, मापं, ऋतू, माणसांचं बोलणं हे तुमच्या लेखातले तपशील दुसऱ्या कुणाकडे नाहीत. शोधासाठी लेख सुटसुटीत करताना पहिली कात्री नेमकी त्यांनाच लागते, आणि तिथेच हात आवरायचा.

पावसाआधी कागद बाहेर काढा

काम उन्हाळ्यात सुरू करा. मिरगानंतर हवेत इतका ओलावा असतो की जुनं वर्तमानपत्र उलगडताना घडीवर फाटतं. वाळवी आणि कसर यांचा त्रास वेगळाच. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन प्रकाशाने पिवळं पडतं. म्हणून कात्रणांना उन्हं दाखवायची सवय असेल तर ती सोडा, सावलीत वारा लागू द्या. लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा निघत नाही आणि स्कॅन करताना चकाकतं.

कात्रण हाती आलं की आधी फोटो किंवा स्कॅन, वाचन नंतर. वाचायला बसलात की दुपार गेली. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय पुरे. मोबाइलने काढत असाल तर खिडकीच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, वरून सरळ. अंकाचं नाव आणि तारीख असलेली पानाची पट्टीही टिपा. नुसतं कात्रण पाच वर्षांनी अनाथ होतं.

सोबत एका स्प्रेडशीटमध्ये यादी करा: शीर्षक, कुठे छापलं, महिना-वर्ष, विषय, फोटो कुणाचे, मजकुराची फाइल आहे का, आणि हक्कांचं काय. शेवटचा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो, म्हणून त्याबद्दल थोडं.

लेख तुमचा आहे का?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखाचा पहिला मालक लेखक. तुम्ही बाहेरून लिहून पाठवलेला लेख एखाद्या साप्ताहिकाने छापला, मानधन दिलं किंवा नाही दिलं, तरी लेखी हस्तांतर नसेल तर हक्क तुमच्याकडेच राहतो. हस्तांतर लेखीच लागतं. तोंडी ‘आमचा झाला हां लेख’ याला अर्थ नाही. लेखी कागद असेल पण त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. तुम्ही पगारी वार्ताहर असताना लिहिलेलं असेल तर गोष्ट निराळी. वेगळा करार नसेल तर वर्तमानपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीचा लेखकाचा. पण नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वडिलांचे किंवा आजोबांचे लेख असतील तर हक्क वारसांकडे येतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढल्या जानेवारीपासून ६० वर्षं टिकतो. १९६० साली निवर्तलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ पासून सगळ्यांना खुलं झालं. ही मुदत अजून संपलेली नसेल आणि भावंडं चार असतील, तर सगळ्यांची संमती एका कागदावर घेऊन ठेवा.

फोटोंचा हक्क लेखाबरोबर येत नाही. दिवाळी अंकात तुमच्या लेखाशेजारी छापलेलं छायाचित्र छायाचित्रकाराचं किंवा अंकाचं असतं. ते सोडून द्या, नवं काढा.

आणि कायद्याने गरज नसली तरी संपादकांना एक फोन करा. आपल्याकडे तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि त्यांच्याकडे कधीकधी मूळ फाइलही निघते.

कागदावरून युनिकोडमध्ये

युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांना, मोबाइलना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत. लेख तिच्यात आणण्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. लेख तीन प्रकारे हाती येतो.

पहिला प्रकार म्हणजे डीटीपीची फाइल: पेजमेकर, क्वार्क किंवा कोरलमध्ये लावलेली, श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. ते वेबवर टाकलं तर गूगलला त्यात एकही मराठी शब्द दिसत नाही. यासाठी फॉन्ट-परिवर्तक वापरावे लागतात, आणि प्रत्येक फॉन्टचा वेगळा असतो. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही फरक पडतो. आधी एका परिच्छेदावर करून बघा, मग सगळा लेख.

परिवर्तनात चुका ठरावीक जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. त्यामुळे ‘आणि’चं ‘आिण’ होतं आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. अर्ध्या ‘ऱ’चा घोळ तर कोकणावरच्या लेखात फारच महागात पडतो: दऱ्या आणि दर्या यांची अदलाबदल होते, किनाऱ्यावरचं ‘किनार्यावर’ होतं. लेखभर ‘र्य’ शोधून एकेक तपासा. ‘ॲ’चंही तसंच. तो एक स्वतंत्र अक्षर म्हणून किंवा ‘अ’वर चंद्र देऊन, असा दोन प्रकारे लिहिला जातो, डोळ्यांना सारखा दिसला तरी संगणकाला वेगळा. एकच पद्धत ठरवून सगळीकडे तीच ठेवा.

दुसरा प्रकार म्हणजे फक्त छापील कागद. त्यासाठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी सोय. फुकटातला सोपा मार्ग: चित्र गूगल ड्राइव्हवर चढवा आणि ‘गूगल डॉक्सने उघडा’ निवडा, खाली मजकूर येतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवा. वर्तमानपत्राचं अख्खं पान देऊ नका, नाहीतर शेजारच्या रकान्यातली श्रद्धांजली तुमच्या मासेमारीच्या लेखात घुसते. एकेक रकाना कापून वेगळा द्या. संगणकाची सवय असेल तर टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअरही मराठी वाचतं, आणि शंभर पानं एकदम करायची असतील तर तेच बरं.

नंतरची तपासणी टाळू नका. ओसीआर घ-ध, भ-म, ब-व यांत गोंधळतं, अनुस्वार गिळतं आणि आकडे बदलतं. शब्द चुकला तर वाचताना खटकतो, पण १९६१ चं १९९१ झालं तर लक्षातही येत नाही. म्हणून आकडे आणि विशेषनामं मूळ कागदाशी एकदा वेगळी ताडून पाहा. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडा, रकान्यामुळे दर ओळीला आलेले ‘एंटर’ काढा.

तिसरा मार्ग म्हणजे मोबाइलला वाचून दाखवणं. कात्रण फार फाटकं असेल तर हाच वेगवान. पण आवाजावर चालणारं टायपिंग प्रमाण मराठीला सरावलेलं असतं. लेखात कुणी ‘खंय गेल्लंस?’ असं विचारत असेल तर तिथे ते काहीतरी भलतंच टाइप करणार. मालवणी संवाद हाताने टाइप करा.

सगळं आणू नका

यादी समोर घेऊन लेख वेगळे काढा. रेसिपी, शेती-बागायत, सण, देवळं, किल्ले, बोलीतले शब्द, घर बांधणी, मासे: हे विषय लोक दरवर्षी शोधतात. हे आधी. एखाद्या उद्घाटनाचा वृत्तान्त, तालुक्यातल्या निवडणुकीवरचं मत, सत्काराचं भाषण हे मागे ठेवा. ते इतिहास म्हणून कधीतरी टाकता येईल.

ललित लेख मात्र वेगळाच ठेवा. आजीच्या घराच्या आठवणींचे उपशीर्षकांनी तुकडे पाडले तर तो लेख उरत नाही. त्याला सरळ शीर्षक द्या, वर दोन ओळींची ओळख लिहा आणि बाकी काना-मात्रेलाही हात लावू नका. शोधातून त्याला वाचक कमी येतील. येऊ देत.

काही विषयांवर तुम्ही सदरात तीन-चार वेळा छोटं छोटं लिहिलेलं असतं. चारशे शब्दांची चार वेगळी पानं करण्यापेक्षा त्यांचा एक नेटका लेख करा. उलट दिवाळी अंकातल्या लांब लेखात कधी दोन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरं दडलेली असतात, तेव्हा त्याचे दोन करा.

लोक काय विचारतात ते बघा

गूगलच्या खिडकीत विषयाचा पहिला शब्द लिहा आणि खाली सुचणारी वाक्यं पाहा. निकालांमध्ये ‘लोक हेही विचारतात’ अशी चौकट येते, तीही टिपून घ्या. एकदा देवनागरीत, एकदा रोमन लिपीत मराठी लिहून, एकदा इंग्रजीत असं करा, कारण आपली माणसं तिन्ही प्रकारे शोधतात. गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून दोन शब्दांची तुलना करता येते.

यातून शब्दांचा प्रश्न उभा राहतो. आपण झाडावरच्या फळाला रातांबा म्हणतो, वाळलेल्या सालीला सोल किंवा आमसूल. घाटावरचा माणूस सगळ्यालाच कोकम म्हणतो. लेखात ‘रातांबा’ काढून ‘कोकम’ टाकायचं का? नाही. दोन्ही ठेवा. शीर्षकात घाटावरच्याला कळणारा शब्द आणि लेखात आपला, पहिल्यांदा येईल तिथे ओघात ओळख करून देऊन. मात्र एकच शब्द दर ओळीत कोंबणं हे जुन्या काळचं एसईओ, म्हणजे शोधात पान वर आणण्याचं तंत्र. वाचकाला ते लगेच कळतं आणि गूगल त्याला स्पॅम धरतं.

एक लेख प्रत्यक्ष बदलून बघू

समजा दिवाळी अंकात तुमचा ‘लाल रंगाची माया’ नावाचा लेख छापून आला होता. सुरुवात अशी: ‘वैशाखवणवा पेटलेला असतो, माजघरातल्या आंब्यांच्या अढीचा घमघमाट सुटलेला असतो, आणि परसात रातांब्याच्या झाडाखाली लाल सडा पडलेला असतो...’ अंकात ही सुरुवात शोभते. पण ‘लाल रंगाची माया’ असं गूगलला कुणी विचारत नाही.

नवं शीर्षक: ‘आगळ, आमसूल आणि कोकम सरबत यांत फरक काय? रातांब्यापासून काय काय होतं’. आणि पहिला परिच्छेद: ‘आगळ म्हणजे रातांब्याच्या ताज्या सालींना मीठ लावून सुटलेला रस, त्यात साखर नसते. कोकम सरबत साखरेत केलेलं असतं. आमसूल म्हणजे त्याच साली खारवलेल्या रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवलेल्या. सोलकढीला आगळ किंवा आमसूल चालतं, सरबताची बाटली चालत नाही.’ विचारणाऱ्याचं काम इथेच झालं. ज्याला वेळ आहे तो पुढे वाचेल, आणि बरेच वाचतात.

मूळ सुरुवात टाकून देऊ नका. ती दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात आणा, फळं कधी आणि कशी उतरवतात त्या भागाच्या तोंडाशी. तिथे ती मजकुराला धरून बसते. मग उपशीर्षकं: आमसुलं घरी कशी करतात, आगळ किती दिवस टिकतं, बियांचं काय करतात. बियांपासून निघणारं मुठेल पायांच्या भेगांना लावतात, हा एवढासा तपशील तुमच्या लेखात एका ओळीत असेल. त्याला स्वतःचं उपशीर्षक द्या. लोक नेमकं तेच शोधत असतात.

छापील लेखाचे परिच्छेद मोबाइलवर पानभर लांबतात. तीन-चार वाक्यांवर तोडा. ‘मागील अंकात म्हटल्याप्रमाणे’, ‘यंदा’, ‘गेल्या शिमग्याला’, ‘सोबतच्या छायाचित्रात’ असे शब्द शोधून काढा आणि त्या जागी साल किंवा नेमकी गोष्ट लिहा. शेर, पायली ही मापं असतील तर ती राहू द्या, शेजारी ग्रॅम-किलो लिहा. गावांची नावं तालुक्यासकट लिहा. अंकाचा वाचक तालुक्यातला होता, हा वाचक कुठलाही असेल.

हे सगळं एखाद्या एआयच्या हवाली करण्याचा मोह होतो. शुद्धलेखन तपासायला, शीर्षकं सुचवायला हरकत नाही. पण पुनर्लेखन करायला सांगितलं तर पायली जाते, मुठेल जातं आणि उरतो तो कुणाचाही लेख.

जुनी माहिती

छापलेलं खोटं नव्हतं, पण काळ पुढे गेला. कोकमाच्या लेखात भौगोलिक मानांकनाचा उल्लेख नसेल, कारण ‘सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम’ला ते २०१६ मध्ये मिळालं, हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये. कातळशिल्पांवरच्या लेखात २०२२ ची नोंद घालावी लागेल, कारण त्या वर्षी कशेळी, उक्षी, बारसू, कुडोपी वगैरे ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आली. ‘कोकण रेल्वे येणार’ असं लिहिलेला लेख २६ जानेवारी १९९८ च्या आधीचा. तिथे दुरुस्ती न करता वर सालच ठळक द्या, त्या अपेक्षेलाच आता किंमत आहे.

मासेमारीवरच्या लेखात काळजी जास्त. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या दर्यात जातात ही प्रथा म्हणून खरी. पण बंदीचा काळ हा शासनाच्या आदेशाचा विषय आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींसाठी केंद्राने ठरवलेला काळ १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा आहे. प्रथा आणि नियम वेगळ्या परिच्छेदांत लिहा आणि नियमाच्या शेजारी तो कधी तपासला ते लिहा.

आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेसारखा विषय असेल तर आणखी एक गोष्ट. तिथली तारीख पंचांगाने बांधलेली नाही, दरवर्षी कौल घेऊन ठरते. अशा विषयाचं दरवर्षी नवं पान करू नका. एकच कायमचं पान ठेवा, पानाच्या वेबपत्त्यात साल घालू नका, आणि तारीख जाहीर झाली की तेवढी वरची ओळ बदला. पानाला मिळालेली ओळख मग वर्षागणिक वाढत जाते.

साइटवर चढवताना

साइट बनवायला वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर पुरे. साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी करा. पानाचा पत्ता रोमन लिपीत, छोटा ठेवा. गूगलला देवनागरी पत्ताही चालतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवला की तो टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होतो आणि लोक दाबायला घाबरतात. वर्णनाच्या चौकटीत दीड-दोन ओळी लिहा. त्याने क्रमांक वर जात नाही, पण निकालात तुमच्या शीर्षकाखाली ती दिसू शकते. ‘कीवर्ड’ची चौकट रिकामी सोडा, गूगल ती वापरत नाही हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलं आहे.

लेखाच्या खाली एक ओळ हवी: हा लेख प्रथम कुठल्या अंकात, कुठल्या वर्षी छापला आणि आता कधी सुधारला. जुन्या लेखावर आजची तारीख लावून तो नवा भासवू नका. तोच मजकूर दुसऱ्या साइटवरही असेल तर दंड वगैरे होत नाही, गूगल दोहोंतलं एक पान निवडून दाखवतं. ते तुमचं असावं असं वाटत असेल तर दुसऱ्या साइटच्या चालकाला कॅनॉनिकल दुवा (मूळ पान कुठलं ते गूगलला सांगणारी खूण) तुमच्याकडे द्यायला सांगा.

छापील फोटो स्कॅन केला तर त्यावर ठिपक्यांची जाळी उमटते. मूळ प्रिंट शोधा, नसेलच तर स्कॅनरमधला ‘डीस्क्रीन’ पर्याय वापरा. रुंदी १२०० पिक्सेल पुरते, वजन २०० केबीच्या आत ठेवा. घाटात रेंज एक कांडी असताना पान उघडलं पाहिजे. चित्राच्या पर्यायी मजकुरात काय दिसतंय ते साध्या वाक्यात लिहा: ‘वेंगुर्ल्यात अंगणात वाळत घातलेल्या रातांब्याच्या साली’.

आणि लेख एकमेकांना जोडा. कोकमाच्या लेखातून सोलकढीकडे, सोलकढीतून नारळाच्या रसाकडे. दुव्यावर ‘इथे क्लिक करा’ न लिहिता विषयच लिहा.

नंतरचे काही महिने

गूगल सर्च कन्सोलमध्ये साइट नोंदवा, फुकट आहे. वर्डप्रेस ५.५ पासून साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, आपोआप बनवतं, त्याचा पत्ता तिथे द्या. त्यानंतर रोज आकडे बघत बसू नका. नव्या साइटची दखल घ्यायला आठवडे, कधी महिने लागतात.

कन्सोल तुम्हाला लोकांनी कुठले शब्द टाइप केल्यावर तुमचं पान दिसलं ते सांगतं, मागच्या १६ महिन्यांचं. दर दोन-तीन महिन्यांनी ती यादी वाचा. पान पुष्कळदा दिसतंय पण कुणी उघडत नाही, तर शीर्षक बदला. ज्या प्रश्नावर दिसतंय त्याचं उत्तर लेखात नाही, तर तो परिच्छेद त्याच पानात लिहा, नवं पान काढू नका. आणि हंगाम ध्यानात ठेवा: आमसुलाच्या लेखाचे आकडे गणपतीत कमी दिसले म्हणून त्याची मोडतोड करायची नाही. सुधारायचं ते मार्चमध्ये, रातांबे पिकायच्या आधी.